तुळईखालचा जिना

पहिलं महायुद्ध संपलं त्या साली मी नगरच्या कॅम्पात एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायचो. लग्न नुकतंच झालेलं. एका निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यानं भिंगारच्या रस्त्याला बंगला बांधायला काढला आणि ते काम माझ्याकडे आलं. विलायतेत एका खेड्यात त्याच्या वाडवडिलांची भलीमोठी हवेली होती. पिढीगणिक तिला एकेक दालन जोडलं गेलेलं. तिचे फोटो त्यानं माझ्यापुढे मांडले. दगडी चौकटींच्या उंच खिडक्या, धुराड्यांची रांग, आणि आतल्या फोटोत दोन वळणं घेत माडीवर गेलेला रुंद लाकडी जिना.

"बाकीचं जमेल तसं कर," तो म्हणाला, "जिना मात्र असाच हवा."

साहेब मडमेला आणायला मुंबईला गेला. इकडे जिना उभा राहिला. एका सकाळी नकाशाची गुंडाळी खांद्यावर उभी धरून मी चढत होतो. दुसऱ्या वळणाशी तिचं टोक माडीच्या तुळईवर आपटलं. टेप लावला. पायरीपासून तुळईपर्यंत पाच फूट आठ इंच. मी पाच फूट तीन, सुतारमिस्त्री माझ्याहून बुटके. आम्हाला कधी कळलंच नव्हतं. साहेब सहा फुटांच्या वर होता.

मिस्त्रींनी तुळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नकाशात हितं किती धरलं हुतं?"

"धरलंच नाही, मिस्त्री. पायऱ्या मोजल्या, डोक्यावरची जागा राहून गेली."

"तुळई मागं घेता यील. पर माडीच्या फळ्या उचकटाव्या लागतील. सायबाला इचारल्याबिगर मी हात लावनार न्हाई. सांगून टाका, रावसाहेब."

साहेब यायला चार दिवस होते. घास उतरेना. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलंय. कामावर गेलो की पुन्हा टेप लावायचो. आठ इंचांचे नऊ होत नव्हते.

साहेब मडमेसह आला तेव्हा मी पहिल्या पायरीशीच उभा राहिलो. "साहेब, वर तुळई खाली आलीय. चूक माझी आहे. मिस्त्रींची नाही."

तो चढला. वळणाशी थांबून त्यानं तुळईला तळवा लावला, वाकून वर गेला, वाकूनच परत आला.

"आमच्या हवेलीत मागच्या बाजूला आणखी एक जिना आहे," तो म्हणाला. "नोकरांचा. तिथं असं वाकावं लागतं. तू तो बांधलास."

माझे कान तापले.

"आठ दिवसांत दुरुस्त कर."

आम्ही माडीला टेकू दिले, फळ्या काढल्या, तुळई दोन फूट मागं घेतली. टेकू काढताना लाकूड करकरलं की मी हात वर करून सगळ्यांना थांबवायचो. नवव्या दिवशी साहेब आणि मडम न वाकता वर गेले. कपाट कुठं ठेवायचं, यावर त्यांचं बोलणं सुरू झालं. मिस्त्री हत्यारं गोळा करायला लागले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तहान जाणवून मी त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं.