मंजुळा कोणत्या गावची

नवघरच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर माणसं हॉकीसाठी भांडतात. आजूबाजूला इमारती उठल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली, पण हा खेळ राहिला. मीठ उचललं की वाफ्यांची जमीन टेबलासारखी सपाट आणि टणक व्हायची. त्या जमिनीवर आमच्या आजोबांनी वाकड्या फांद्यांनी चिंध्यांचा चेंडू पळवला, आणि आज त्यांच्या नाती पॅड बांधून मैदानात उतरतात. दरवर्षी बायकांची स्पर्धा होते. एका गावाचा एकच संघ, बाहेरची खेळाडू चालत नाही.

यंदा आम्ही फायनलला पोचलो आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर माणसं सुतकात बसल्यासारखी बसली होती. सेमीफायनलमध्ये आमची गोलकीपर रुचिता हिच्या अंगठ्यावर चेंडू बसला, हाड मोडलं, हात प्लॅस्टरमध्ये गेला. फायनल रविवारी, तीही वरसाव्याशी.

"नीलमला उभी करा," कोणीतरी म्हणालं.

"नीलम अजून बॉल आला की डोळे मिटते," कोच जितेंद्र म्हणाला. "मीच शिकवतोय तिला, मला माहीत आहे."

नव्या इमारतींच्या सिल्व्हर पार्कमध्ये राहणारा स्वप्नील आमच्या गावचा नाही. मुंबईहून इथे राहायला आला, एकदा सामना बघायला थांबला, आणि तेव्हापासून आमच्यापेक्षा जास्त ओरडतो. तो म्हणाला, "अनुष्काला डिफेन्समधून मागे घ्या ना."

"मंग डिफेन्सला तू उभा राहतोस काय?" गुणवंतकाका म्हणाले. काका कट्ट्यावर सगळ्यांत मोठे. स्वप्नील हसला.

मग काकाच हळूच बोलले, "मंजुळा हाय ना आपली."

कट्ट्यावर एकदम चार जण बोलायला लागले.

मंजुळा आमच्याच आळीतली. लहानपणी मुलांच्यात गोलमध्ये उभी राहायची, गुडघे सोलून घरी जायची. तेव्हा बायकांची स्पर्धा नव्हती. पुढे वरसाव्याला अमृत भोईरशी लग्न झालं. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. स्पर्धेचा नियम असा की, लग्न झालेली बाई माहेरकडून खेळेल किंवा सासरकडून, ते तिनं ठरवायचं. पण एकदा एका गावाचा शर्ट अंगात घातला की जन्मभर तेच तिचं गाव. मंजुळानं अजून कोणाचाच शर्ट घातला नव्हता.

"काका, तिची नणंद विनिता वरसाव्याची स्ट्रायकर आहे," जितेंद्र म्हणाला. "सासरचा गोल अडवील ती?"

"आणि तिचा फॉर्म काय?" स्वप्नीलनं विचारलं. "शेवटची मॅच कधी खेळली?"

"जाऊनच बघू," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका, जितेंद्र, स्वप्नील आणि मी रिक्षात बसून घोडबंदर रोडनं वरसाव्याला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही, कारण लांबूनच चेंडूचा आवाज येत होता. अंगणात विनिता स्टिक घेऊन उभी. समोर घराचं दार उघडं, आणि दारात मंजुळा, हातात क्रिकेटचे जुने ग्लोव्हज, पायांना उशा बांधलेल्या. विनिता मारत होती, मंजुळा अडवत होती. आम्ही कुंपणापाशी थांबून बघत राहिलो. एकही चेंडू आत गेला नाही.

"आत जाऊन कसा चालेल?" ओट्यावर भाजी निवडत बसलेली तिची सासू मंदा म्हणाली. "आत माझे हंडे हायत. पयल्या वर्षी एक चेपला, तवा दोघींना सांगितलं, आता हंड्याला बॉल लागला तर जेवण बंद."

म्हणजे वरसाव्याची स्ट्रायकर तयार झाली ती आमच्या मंजुळासमोर, रोज, वर्षानुवर्षं. स्वप्नील माझ्या कानाशी म्हणाला, "फॉर्म कळला."

काकांनी विचारलं. सरळ विचारलं, घसा साफ करून, जसं मुलीला मागणी घालतात तसं. "मंजुळे, रुचिताचा हात मोडलाय. रविवारी नवघरच्या गोलमध्ये उभी राहशील?"

मंजुळानं ग्लोव्हज काढले. ओट्यावर ठेवले.

"काका, सहा वर्षं स्पर्धा चाललीय," ती म्हणाली. "इथले म्हणतात, ही नवघरची. तिथले म्हणतात, ही आता वरसाव्याची झाली. दरवर्षी दोन्ही संघांची नावं लागतात. मी दोन्हीकडं बघते. मला कोणी विचारलंच न्हाय."

काकांनी मान खाली घातली. आम्हीही घातली. तिच्या घरात शंभर कामं होती, पण तिला हवं होतं ते एवढंच: कुठल्यातरी गावानं आपली म्हणून हाक मारावी.

"मी येते," ती म्हणाली.

विनितानं स्टिक खाली टाकली. "वयनी! म्हणजे रविवारी तू माझ्यासमोर?"

"रोज कोणासमोर असते मग?"

"आये, सांग ना हिला!"

मंदानं भाजीची परात बाजूला ठेवली. "जाऊ दे तिला. पण मंजुळे, ऐक. लाजंकाजंनं एक जरी गोल सोडलास तर घरात घेणार न्हाय. माझी सून हलक्या हातानं खेळली असं कोणी बोलायला नको."

"तू कोणाच्या बाजूची गं?" विनिता चिडली.

"दोघींचा डबा मीच भरते, त्या डब्याच्या," मंदा म्हणाली.

रविवारी मैदान भरलं. मंजुळानं नवघरचा निळा शर्ट घातला, आणि त्या क्षणापासून परतीची वाट बंद झाली. वरसाव्याची पोरं ओरडत होती, "मंजुळावयनी, संध्याकाळी घरी यायचंय, लक्षात हाय ना?"

आणि पहिल्याच हाफमध्ये गोल झाला. विनितानं मारला, आमच्याच अनुष्काच्या स्टिकला लागून चेंडू वळला आणि आत गेला. आमच्या बाजूला कुजबुज पसरली. "बघा, सोडला. सासरला सोडला." एकजण तर उठून म्हणाला, "नीलमला उतरवा आता, उशीर नको." जितेंद्र उठला, त्यानं नीलमकडे बघितलंही.

स्वप्नील खुर्चीवर चढला. "अनुष्काच्या स्टिकला लागला! डोळे आहेत की बटणं?"

जितेंद्र पुन्हा खाली बसला. मंजुळानं हे सगळं ऐकलं असणार. हेल्मेटच्या जाळीमागचा चेहरा दिसत नव्हता. तिनं दोन्ही पॅड एकमेकांवर आपटले आणि पुन्हा वाकून उभी राहिली.

दुसऱ्या हाफमध्ये अनुष्कानंच पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. मग आमचा दुसरा गोल झाला. वरसावे चवताळून आलं. मंजुळानं एक चेंडू पायानं, एक छातीनं, एक जमिनीवर लोळून अडवला. प्रत्येक वेळी आमच्या बाजूची कुजबुज कमी होत गेली.

सामना संपायला आला आणि पंचांनी वरसाव्याला पेनल्टी स्ट्रोक दिला. गोलसमोर ठरलेल्या जागी चेंडू, मारणारी एक, अडवणारी एक, मधे कोणी नाही. चेंडूमागे विनिता येऊन उभी राहिली.

 दोघी एकमेकींना पाठ होत्या. विनिताला उजवीकडे मारायला आवडतं, हे मंजुळाला माहीत होतं. मंजुळाला हे माहीत आहे, हे विनितालाही माहीत होतं. कोणती दिशा पकडायची याचा विचार करत बसली असती तर चेंडू केव्हाच जाळ्यात गेला असता. मंजुळानं विचारच केला नाही. ती हलली नाही. शिट्टी झाली, विनिताचा खांदा वळला, चेंडू डावीकडे सुटला, आणि मंजुळा पाटातल्या पाण्यासारखी त्याच्याबरोबर वळली. ग्लोव्हवर थाप वाजली. चेंडू खांबाबाहेर गेला.

पुढे काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण गुणवंतकाका माझ्या गळ्यात पडून नाचत होते. नवघर दोन, वरसावे एक. रुचिता प्लॅस्टरचा हात वर करून धावत होती. वरसाव्याच्या बाजूचा एक म्हातारा कपाळाला हात लावून म्हणत होता, "आपल्याच गावात होती. आपल्याच! एकानंही विचारलं न्हाय."

विनिता रडत आली, तिनं मंजुळाच्या हेल्मेटवर तळहात आपटला आणि मग तिच्या गळ्यात पडली.

बक्षिसाच्या वेळी माइकवर नाव पुकारलं गेलं. "उत्कृष्ट गोलकीपर, मंजुळा अमृत भोईर." पुकारणारा अडखळला. बाईचं घर वरसाव्याचं, शर्ट नवघरचा. त्यानं माइकवरच विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं?"

आम्ही ओरडणार, तेवढ्यात वरसाव्याच्या गर्दीतून मंदा उभी राहिली. पदर खोचला आणि माइकची गरज पडणार नाही अशा आवाजात म्हणाली, "नवघर! बोल मोठ्यानं, नवघर!"

त्यानं तसं पुकारलं. मंजुळानं हेल्मेट काढलं, घामानं कपाळाला चिकटलेले केस मागे सारले, आणि मान ताठ करून ती बक्षीस घ्यायला निघाली.