खुर्चीवाल्याची बाजू

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होतो. वसईहून सिसिलियावहिनींचा फोन आला. "विनायकभाऊ, हे गेले. पहाटे." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेल्या मीटिंगमध्ये जाऊन बसलो. कुणीतरी पाइपच्या जाडीविषयी विचारलं. मी उत्तर दिलं आणि ते बरोबरही होतं. त्याला आता काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही... ते यावं म्हणून वाट पाहणंही मी सोडून दिलं आहे.

कतारमध्ये, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात, इनासभाऊंचं आणि सिसिलियावहिनींचं घर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकहून इथे आलो, तेव्हापासूनचा हा शेजार. वयाने ते मोठे, एका इस्पितळाच्या कार्यालयात नोकरीला, आणि वाचनाचा नाद एकच : युद्धकाळातले अमेरिकी अध्यक्ष. शुक्रवारी ते चर्चमधल्या मिस्सेहून परतले की मी खाली उतरायचो आणि जेवणाच्या टेबलावर आमचा वाद सुरू व्हायचा. परक्या मुलुखात राजकारणातली नावं मोठ्याने घ्यायला ते बिचकत, म्हणून आम्ही टोपणनावं ठेवली होती. यादवी युद्धात देश एकसंध राखणारा तो 'उंच' आणि दुसऱ्या महायुद्धातला, पोलिओने पाय गेलेला तो 'खुर्चीवाला'. उंच त्यांचा, खुर्चीवाला माझा. ते सांगत, युद्ध चालू असतानाच उंचाचा लहान मुलगा गेला, चेहरा वर्षागणिक खचत गेला, पण तो चेहरा त्याने लोकांपासून लपवला नाही. मी सांगे, माझा माणूस पायांना लोखंडी पट्ट्या बांधून, कुणाच्या तरी दंडाचा आधार घेऊन उभा राहायचा. छायाचित्रांत बहुधा टेबलामागे बसलेला, हसतमुख.

"दाखवलं की माणसं घाबरतात, इनासभाऊ."

"झाकलं की माणसं एकटी पडतात, विनायक."

मग आतून वहिनींचा आवाज यायचा, "दोन्ही अध्यक्षांना विचारा, आमटी पुन्हा गरम करू का? नंतर थंड म्हणून तक्रार नको."

इराकच्या युद्धाआधीच्या आठवड्यांत हा वाद पुस्तकी राहिला नाही. लोक पाण्याच्या बाटल्या साठवत होते, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते. बायकामुलांना गावी धाडावं की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. इमारतीतली आम्ही भारतीय कुटुंबं गच्चीवर जमलो आणि सगळ्यांनी इनासभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला भीती वाटते आहे. पुढे काय होईल ते मलाही ठाऊक नाही. मी सिसिलियाला इथेच ठेवतो आहे, कारण ती जायला तयार नाही." कुणीतरी हसलं, आणि माणसं आपापली भीती बोलू लागली. मला मात्र तो दुबळेपणा वाटला. जिना उतरताना मी तसं म्हणालोही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, इतकंच.

पुढे पाचेक वर्षांनी ते वसईला कायमचे परत जायला निघाले. निवृत्ती, असं आम्हाला सांगितलं होतं. त्या शेवटच्या महिन्यांत मी खाली जाई तेव्हा ते आधीच टेबलामागे बसलेले असत. निघताना दारापर्यंत येत नसत. "यल्ला, चल नीघ, उद्या ऑफिस आहे तुला," असं बसल्या जागेवरूनच म्हणत. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. विमानतळावर ते सामानाच्या ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ताठ उभे होते. "नीघ आता. गाडी तिथे लावलीस तर दंड होईल." मी निघालो. वळून पाहिलं तेव्हा ते हसत होते.

अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात मी वसईला गेलो, तेव्हा वहिनींनी सांगितलं. मणक्यात गाठ होती. दोहा सोडण्याआधी वर्षभर पाय जात होते. आमची गाडी दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले होते, "गेला विनायक? आता मागव ती खुर्ची." चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवलेली होती.

"मला का नाही सांगितलं?"

वहिनी म्हणाल्या, "मी म्हणायचे, सांगा. तर म्हणायचे, त्याला झेपायचं नाही. त्याला त्याचाच अध्यक्ष भेटू दे."

म्हणजे गच्चीवर सगळ्यांसमोर स्वतःची भीती सांगणाऱ्या माणसाने केवळ माझ्याकरिता बाजू बदलली होती. मी ज्याला कणखरपणा समजत होतो ते माझं भित्रेपण होतं, हे त्यांनी बहुधा पहिल्याच शुक्रवारी ओळखलं असावं... आणि वर्षानुवर्षं ज्याची छायाचित्रं मी वर्णन करून सांगत होतो, तो माणूस माझ्यासमोर, टेबलामागे बसलेला असताना मला दिसला नव्हता.

जाताना ते टेबल वहिनींनी आम्हाला दिलं होतं. आता आम्ही त्यावरच जेवतो. भिंतीकडच्या, त्यांच्या बाजूच्या कडेला दोन ठिकाणी पॉलिश उडालं आहे. तळहाताएवढ्या दोन फिकट जागा, मधे खांद्याइतकं अंतर. मी वर गेल्यावर ते तिथे हात रोवून उठत असणार. बायको म्हणाली, सुताराला बोलावून पॉलिश करून घेऊ. मी नको म्हणालो. का, असं तिने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं... प्रथमच, काही न झाकता. ती घाबरली नाही. तिने ताटं उचलली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.