कासरीनच्या डोंगरातला ओढा

इराकच्या दोन टूर्स झाल्यावर माझं पोस्टिंग ट्युनिशियात निघालं. मी ब्रिटिश आर्मीत सर्व्हेअर होते, सार्जंट. जन्म रीडिंगचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने विचारलं, "तिथे लढाई आहे का गं?"

"नाही. नकाशा करायचाय."

"मग ठीक," म्हणाली, पण जेवली नाही.

कासरीन प्रांत अल्जीरियाच्या सीमेला लागून आहे. ट्युनिशियातला सर्वांत उंच डोंगर, शांबी, इथलाच. उतारांवर पाइनचं जंगल, खाली मैलोन् मैल हल्फा गवत. स्बैतला गावात तीन रोमन देवळं शेजारी शेजारी उभी आहेत. सीमेजवळच्या हायद्रा गावात एक कमान आहे, मधाच्या रंगाच्या दगडाची. सकाळी सहाला ट्रायपॉड लावायचो तेव्हा धुक्यात डोंगर जमिनीपासून सुटून तरंगत असायचे. आपण जागे आहोत ना, असं वाटायचं. आकडे मात्र बरोबर यायचे.

माझ्यासोबत कॉर्पोरल डीन होता, क्रॉयडनचा. आणि ट्युनिशियन सैन्याचे वॉरंट ऑफिसर हेदी, पन्नाशीचे, शांत. दुपारी ते कमानीच्या सावलीत पुदिन्याचा चहा करायचे.

"रोमनांनीही हे सगळं मोजलं होतं, सार्जंट."

"मग ते गेले कुठे?"

"काही गेले. काही इथेच शेती करत राहिले. माझी आई म्हणते, आम्ही त्यांचेच."

अकराव्या दिवशी, १४:१० वाजता, डीन लँड रोव्हर घेऊन गावाखालचा कोरडा ओढा ओलांडत होता. आमच्यावर आभाळ निळं होतं. ढग लांब, डोंगरांवर. मधोमध चाकं वाळूत रुतली.

काठावर माझ्या शेजारी उभ्या हेदींनी मान वर केली. "पाणी," ते म्हणाले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मिनिटभरात तपकिरी पाणी दाराला लागलं. डीनला पोहता येत नव्हतं. हेदींनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आत उतरले. गाडीपाशी पोहोचल्यावर त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि डीनला बांधला.

"ओढा, सार्जंट."

मी ओढला. डीन काठाला लागला. मागे वळून पाहिलं तर गाडी आडवी झाली होती. हेदी दिसत नव्हते.

मी वायरलेसवर तळाला कळवलं, "झीरो, टू वन. वाहन बुडालं. एक बेपत्ता. ओव्हर."

"टू वन, कोण? ओव्हर."

मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी धनगरांना ते तीन किलोमीटर खाली सापडले.

इंग्लंडला परतल्यावर, बर्कशरच्या ऑफिसात नकाशाचं शीट पूर्ण करताना मी ओढा ओलांडायच्या त्या जागेला हेदींचं नाव दिलं. आमच्या मेजरनी ते खोडलं. "माणसांची नावं आपण देत नाही. सॉरी." नियम बरोबर होता. मग तिथे मी लहान निळ्या अक्षरांत एवढंच टाकलं: 'इथे पाणी अचानक येतं.' ते छापलं गेलं.

डीनला आता दोन मुली आहेत. दोघींना त्याने आधी पोहायला शिकवलं, सायकल नंतर.