रामधनच्या मापाचं विमान

उमरखेडात जफरला सगळे झाकणवाला म्हणून ओळखत. पाठीवरच्या फवारणी पंपाचं झाकण हरवलं किंवा त्याचे आटे गेले, की माणूस त्याच्या टिनाच्या शेडपाशी येऊन उभा राही. आत हाताने दाबायचं प्लास्टिकचं जुनं मशीन होतं. वरून दाणा टाकायचा, तो तापून वितळला की लिव्हर ओढायचा आणि खालच्या पोलादी साच्यातून, डायमधून, झाकण काढून घ्यायचं. डाय जफर स्वतः खोदायचा. तरुणपणी हैदराबादला खेळण्यांच्या कारखान्यात बारा वर्षं तो हेच शिकला होता.

त्या कारखान्यात मालकाने एकदा त्याच्यापुढे एक परदेशी डबा टाकला होता. आत प्लास्टिकच्या काड्यांना लागून साठ-सत्तर बारके तुकडे होते, घडाला केळी असावीत तसे. एकेक तोडून चिकटवत गेलं की वीतभर लांबीचं हुबेहूब विमान उभं राही. खऱ्या विमानाचा अठ्ठेचाळिसावा भाग, तसूभर कमी नाही की जास्त नाही. शौकीन लोक अशी विमानं कपाटात ओळीने मांडून ठेवतात, असं मालक म्हणाला. जफरने ते विमान दोन रात्रींत जोडलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. असा एक डबा आपल्या हातचा निघावा. विमानही असं असावं, जे जगात कोणी केलेलं नाही.

ते विमान कोणतं, याचा त्याला कधी विचार करावा लागला नाही. तो दहा वर्षांचा असताना कपाशीवर औषध मारायला एक पिवळं विमान यायचं. ढाणकीच्या पलीकडे माळावर ते उतरे. पोरं मागे धावत, अंगभर औषधाचा वास घेऊन घरी येत आणि मार खात. दोन हंगाम आलं आणि मग आलं नाही. ते बनवणारी कंपनीही पुढे बुडाली.

पण संसारात हे राहून गेलं. साठीजवळ आल्यावर नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची गेली ती नजर परत यायची नाही, उजव्याची जपा, म्हणाले. घरी येऊन जफरने दुसऱ्याच दिवशी पोलादाचा ठोकळा बाकावर घेतला. त्याची बायको जैनबबी दारात उभी राहून बघत होती.

"जितनी बची है, उतनी तो संभालो," ती म्हणाली.

"संभालके क्या देखूं? ढक्कन?" जफर म्हणाला. पुढची चार वर्षं दुपारच्या उन्हाची वेळ जैनबबीने त्याच्यासाठी मोकळी ठेवली, कारण खोदकाम त्याला तेवढ्याच उजेडात जमे.

अडचण मापाची होती. नेटवर त्या विमानाच्या पंखांची दोन मापं मिळाली आणि दोन्ही वेगळी. एक लहान, एक जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठं. कोणतं खरं, हे सांगायला कोणी नव्हतं. तेव्हा त्याला शामची आठवण झाली. शाम महागावच्या रस्त्यावरच्या तांड्यातला, ट्रॅक्टरची कामं करताना झालेला जुना दोस्त. त्याचा बाप रामधन त्या विमानात औषध भरायच्या कामावर होता. शामच्या घरी भिंतीवर एक फोटो होता. त्यात रामधन विमानाच्या पुढच्या पंख्याशेजारी ताठ उभा, उघड्या डोक्याने, काखेत कसलंसं गाठोडं.

"बाप किती उंच होता रे तुहा?" जफरने विचारलं.

"ताड होता ताड. ये, दाखवतो."

तांड्यातल्या जुन्या घराच्या दाराला सागाची चौकट होती. शामचा आजा लखीराम तांड्याचा नाईक. दर होळीला तो पोरांना त्या चौकटीशी उभं करून डोक्याच्या वर चाकूने खूण करायचा. रामधनच्या खुणा खालून वर चढत गेल्या होत्या आणि शेवटची, लग्नानंतरच्या होळीची, सगळ्यांत वर होती. जफरने टेप लावला. सहा फूट चार इंच.

"आन तू पाच फूट सहा," जफर म्हणाला. "तू कोनावर गेला?"

"मी याडीवर गेलो," शाम म्हणाला. याडी म्हणजे त्याची आई सोनीबाई. ती आत भाकरी थापत होती आणि ऐकून हसली.

फोटोत माणसाची उंची किती आणि विमानाची किती, याचा जफरने हिशोब मांडला. उत्तर मोठ्या मापाशी तंतोतंत जुळलं. त्या दिवशी तो घरी आला तो अक्षरशः हवेत. नेटवरचे आकडे कोणीही लिहितो, पण इथे जितंजागतं माणूस विमानाशेजारी उभं होतं. त्यापुढे आणखी कसला पुरावा हवा?

चार वर्षं तो खोदत राहिला. पत्र्याच्या जोडाच्या रेघा केसाहून बारीक, रिबिटांचे ठिपके मोजून. शेवटच्या वर्षी तो नजरेने कमी आणि अंगठ्याच्या पेराने जास्त काम करायचा. एकेचाळिसावा तुकडा त्याने हौसेने घातला. तो होता रामधन, बोटाच्या दीड पेराएवढा, काखेतल्या गाठोड्यासकट. पंखाच्या आतल्या बाजूला प्रमाण कोरलं, एकास अठ्ठेचाळीस. मग छिन्नी खाली ठेवली. आता दुसरी डाय आपल्या हातून होणार नाही, हे त्याला माहीत होतं. जैनबबीलाही माहीत होतं.

पुण्यात अशा डब्यांचं एक दुकान होतं. दुकानदाराने नमुना न बघताच, नुसत्या फोटोंवर, पहिले दोनशे डबे मागवले. भारतात अशी वस्तू कोणी करत नाही, लोक उड्या टाकतील, म्हणाला. नांदेडहून डबे छापून आले. वर पिवळं विमान, खाली पांढरी कपाशी. महिनाभर जफर लिव्हर ओढत होता आणि जैनबबी तुकडे पिशव्यांत भरत होती. पार्सल गेलं त्या दिवशी तिने शेवया केल्या.

अकराव्या दिवशी पुण्याहून फोन आला. दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने आधी कामाची तारीफ केली, रेघांची, तुकडे एकमेकांत बसतात त्याची. मग म्हणाला, पंख मोठे आहेत. एका गिऱ्हाइकाकडे त्या कंपनीचं मूळ पुस्तक निघालं आहे, त्यात लहान माप आहे. पंखच नाही, सगळंच विमान दहा टक्क्यांनी मोठं झालंय.

"पुस्तक चुकलं असंन," जफर म्हणाला. "आमच्याकडं माणूस उभा हाय विमानाजवळ."

"तुम्ही एकदा बघा," दुकानदार म्हणाला. "मी तोवर डबे बाजूला ठेवतो."

जफरला राग आलाच. जी कंपनीच बुडाली, तिच्या पुस्तकाचा काय भरवसा? फोटोचा आणि चौकटीचा फोटो काढून पाठवतो, मग बघू, असं ठरवून त्याने जोडलेलं विमान डब्यात ठेवलं आणि शामच्या मोटारसायकलवर मागे बसून तांड्यावर गेला.

सोनीबाई ओट्यावर बसली होती. आता पंच्याहत्तरीची. विमान तिच्यापुढे ठेवलं तर तिने नुसती मान हलवली. पंख्याशेजारचा छोटा रामधन मात्र तिने उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

"याडी, बाप हाय तो," शाम म्हणाला.

"समजलं मले. थोबाड नाही जमलं," ती म्हणाली. मग तिने नखाने काखेतलं गाठोडं दाखवलं. "पागोटं बराबर हाय."

"कोनतं पागोटं?" जफरने विचारलं.

"हेच. पंख्याच्या वाऱ्यानं उडून जाते म्हून त्या विमानवाल्यानं काढाले लावलं. काखेत धरून फोटू काढला. मामंजी आठ दिवस बोलले नाही त्याईच्याशी, उघड्या डोक्यानं चारचौघांत उभा राह्यला म्हून."

शाम हसला. जफर हसला नाही. त्याची नजर दाराच्या चौकटीकडे गेली. तिथवर त्याला खूण दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे ठाऊक होतं. त्याने विचारलं ते अगदी हळू.

"याडी, होळीले खूण करत तवा पागोटं काढून उभे राहत का?"

सोनीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याला कोणी काही शिकवलंच नाही.

"लग्न झालेला लेक बापापुढं पागोटं काढंन? बाप जिता असताना?"

जफरने विचारलं, पागोटं किती उंच होतं. तिने हाताची वीत केली आणि अंगठा थोडा आत ओढला. सात इंच असेल. सहा फूट चारातून सात गेले. रामधन पाच फूट नऊ इंचांचा, चारचौघांसारखा माणूस होता. आणि पुस्तक खरं होतं.

"माह्याच्यानं झालं," शाम म्हणाला. "म्याच ताड म्हटलं तुले."

"तुह्या बापाले सारा तांडा ताड म्हने," जफर म्हणाला. "पागोटं घालून फिरे तो." त्याने विमान डब्यात ठेवलं. सोनीबाईची मूठ छोट्या रामधनवर मिटलेलीच होती. तिने विचारलं, हे राहू देतो का. जफरने हो म्हटलं.

संध्याकाळी त्याने पुण्याला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं, पागोट्यासकट. दुकानदार ऐकून घेत होता. जफरने एकच विचारलं. सगळं विमान सारख्याच प्रमाणात वाढलंय, तर डब्यावरचा आकडा बदलला तर? एकास अठ्ठेचाळीसच्या जागी एकास चव्वेचाळीस?

"खरं सांगू का जफरभाई? या प्रमाणात कोणी विमानं ठेवत नाही. कपाटातल्या बाकीच्यांशेजारी ते बसत नाही. लोक घेत नाहीत." मग त्याला वाईट वाटलं असावं. "तुम्ही नवी डाय करा ना. मापं मी पाठवतो. वर्ष लागू द्या, दोन लागू द्या, मी थांबतो."

जफरने हातातल्या फोनकडे पाहिलं. पडद्यावरची अक्षरं त्याला आता दिसत नव्हती.

"नका थांबू," तो म्हणाला.

डबे आठवड्याने परत आले. शेडमध्ये एका भिंतीला छताजवळ जाईतो रचून झाले. खेळणं म्हणून आठवडी बाजारात विकू, असं शाम दोनदा म्हणाला. पण तुकडे जोडायचे म्हटल्यावर लोक डबा परत ठेवत. जैनबबीने त्यावर जुनी चादर टाकली, धूळ बसू नये म्हणून.

मशीनमधून विमानाची डाय जफरने एकट्याने उतरवली. तिला ग्रीस लावलं. लावताना अंगठा पंखाच्या रेघांवरून फिरला. रेघा जिथल्या तिथे होत्या, एकही वाकडी नव्हती. त्याने ती गोणपाटात गुंडाळून बाकाखाली सरकवली.

"फिर कब निकालोगे?" जैनबबीने विचारलं.

दाण्याचं पोतं कुठे आहे, तेवढं त्याने विचारलं.

दुपारी ढाणकीचा एक माणूस पंप घेऊन आला. झाकण गळतं म्हणाला. जफरने झाकणाची डाय चढवली, लिव्हर ओढला, गरम झाकण फडक्यात घेऊन थंड होऊ दिलं. मग पंपाच्या तोंडावर ठेवून न बघताच फिरवलं. आटे बरोबर बसले. माणूस म्हणाला, "वा, मापाचं हाय." जफरने मान हलवली आणि पुढचा दाणा टाकला.