टिल्लूकाकांचा शेवटचा तक्ता

टिल्लूकाका मोजत असताना त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती दिवाळीच्या चिवड्याचा डबा घेऊन. शुगर लँडमध्ये आम्ही नवीन होतो आणि मालतीकाकूंनी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ओळख करून घेऊन "कधीही ये गं, फोनबिन करू नकोस" असं सांगितलं होतं. मी गेले तर काकू घरी नव्हत्या. गराजच्या बाजूच्या दाराला काच होती आणि आत पांढऱ्या बुशशर्टातले एक किडकिडीत गृहस्थ टेबलावर वाकलेले दिसले. मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान वर न करता एक बोट उभं केलं. त्या बोटाकडे बघत, टेक्ससच्या दमट उकाड्यात डबा हातात धरून, मी पाच मिनिटं उभी होते. मला चांगलाच राग आला. मग ते बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले.

"माफ कर बाप्पा," ते म्हणाले. "मी मोजून राहिलो होतो. मोजताना मी कोणाचा काका नसतो."

"काय मोजत होतात?" मी विचारलं.

"बंदुकीची दारू," काका म्हणाले आणि त्यांनी चिवड्याचा डबा उघडला. मी दोन पावलं मागे सरकले.

बंदुकीतून गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. इथले हौशी नेमबाज ती फेकून देत नाहीत. तिच्यात नवी दारू मोजून भरायची, तोंडाशी नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. या उद्योगाला रीलोडिंग म्हणतात. त्यावर मासिकं निघतात, मासिकांत सदरं असतात, आणि अशा एका मासिकात शेवटून चौथं पान जवळजवळ वीस वर्षं दिवाकर टिल्लू या नागपूरच्या केमिकल इंजिनिअरचं होतं. टिल्लू हा उच्चार वाचकांना झेपत नसे. ते पत्रं 'मिस्टर डी' अशा मायन्याने पाठवत. मिस्टर डी शाकाहारी आहेत आणि गुरुवारी उपास करतात, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

मंडळात काकांबद्दल दबक्या आवाजात बोललं जाई. मुलं त्यांच्याकडे पाठवावीत की नाही यावर चर्चा होई. काकांना ते ठाऊक होतं. "मी मुंगीसुद्धा मारली नाही आजवर," ते सांगत. "मी कागद मारतो. शंभर यार्डांवरचा कागद." काकूंची तक्रार वेगळी होती. "लोकांचे नवरे रिटायर झाले की भाजी चिरून देतात. आमचे दार लावून बसतात आणि बाहेर येऊन मलाच विचारतात, जेवलो का मी?"

त्या मासिकातले बाकीचे लेखक छाती काढून लिहीत. कुणी कुठलं हरीण किती लांबून पाडलं, कुणाची गोळी किती वेगाने गेली. काकांचं सदर मात्र सगळं सावधगिरीचं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा, तो कपाटात गेल्याशिवाय दुसरा काढू नका. सुरुवात नेहमी कमी वजनापासून करा. माझाही आकडा दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघा. दारू जिथे ग्रेनमध्ये मोजतात, म्हणजे गुंजेच्या निम्म्या वजनात, तिथे दोनचार ग्रेन जास्त पडली तरी बंदूक हातात फुटू शकते. "भीती वाटते ना? उत्तम," असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. "भिणाऱ्याची बोटं शाबूत राहतात." लोकांना वाटे, या माणसाच्या डोळ्यांदेखत काहीतरी भयंकर घडलेलं असणार. मीही एकदा धीर करून विचारलं. काका म्हणाले, "काही घडलं नाही. उभ्या जन्मात नाही. म्हणून तर म्हणतो की ही पद्धत बरी आहे."

मी जात्याच घाबरट. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारी, विमान उतरेपर्यंत पाणी न पिणारी. नवरा थट्टा करतो, मुलगी "आई, रिलॅक्स" म्हणून डोळे फिरवते. मला भित्री न म्हणणारे काका हे पहिलेच. उलट माझी गॅसची गोष्ट ऐकून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तिसऱ्यांदा बघताना खरंच बघतेस की नुसती मान वळवतेस?" मी विचारात पडले. प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसती मान वळवत होते.

पुढे काकांची नजर अधू झाली. मोठ्या भिंगाने वाचता येई, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं काही दिसेना. मग सदर टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर ते सांगत, आणि आकड्यांचा तक्ता मी त्यांच्या वहीतून उतरवत असे. कोणती दारू, कोणती गोळी, किती ग्रेन. तो पाठवण्याआधी वाचनाचा सोहळा होई. मी कॉम्प्युटरवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, काकांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. मग दुसरी फेरी उलटी: ते वाचणार, मी "बरोबर" म्हणणार. मला कधीकधी जांभई येई. काका थांबत, मी जांभई संपवेपर्यंत वाट बघत आणि ती ओळ पहिल्यापासून सुरू करत.

त्या महिन्यात मालतीकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी काकांकडे बसून मी तक्ता उतरवून आणला, पण वाचन राहून गेलं. सकाळी घरी तक्ता उघडला तेव्हा तो मला गबाळा वाटला. दारूंची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने लावली तर शोधायला सोपी जातील, म्हणून मी नावांचा उभा रकाना निवडला आणि क्रम लावायची आज्ञा दिली. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. मी न वाचता 'हो' दाबलं. नावं झकास ओळीने लागली. त्यांच्या शेजारचे आकडे होते तिथेच राहिले.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून काकांचा फोन आला.

"स्मिता, आज डेडलाइन आहे ना गं? तक्ता दोनदा वाचलास?"

"हो काका, दोनदा," मी म्हणाले. मी एकदाही वाचला नव्हता. शीर्षकं तेवढी बघितली होती. माणूस ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभा आहे, त्याला आणखी कशाला घोर, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला मुलीला शाळेत सोडायचं होतं. "पाठव मग," ते म्हणाले आणि मी पाठवला. मासिकाच्या ऑफिसात मिस्टर डीच्या आकड्यांना हात न लावण्याचा शिरस्ता होता. इतकी वर्षं त्यांत कधी चूक सापडली नव्हती.

सहाएक आठवड्यांनी अंक आला. सकाळी काकांचा फोन आला, "स्मिता, ये जरा." आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी गेले तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन बसले होते आणि समोरचा चहा गार झाला होता. त्यांनी तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. भसकन पेटणाऱ्या दारूसमोर सावकाश जळणाऱ्या दारूचं, म्हणजे कितीतरी जास्त, वजन छापलं होतं. "या ओळीनं बंदूक फुटेल," काका म्हणाले. "बाकीच्या ओळी नुसत्या चुकीच्या आहेत. ही एक मात्र…" क्रम मी बदलला, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. दोनदा वाचल्याचं खोटं बोलले होते, ते मात्र कबूल करू शकले नाही. काकांनीही विचारलं नाही. ते फक्त म्हणाले, "रडायचं नंतर. आधी फोन लाव."

संपादकाने त्याच दिवशी वेबसाइटवर सूचना टाकली. पण काकांचे वाचक वेबसाइट बघणारे नव्हते. ती सत्तरीची माणसं. पेन्सिलीने पत्रं लिहिणारी. काकांनी पत्रांचं खोकं काढलं. ज्याचा नंबर होता त्याला फोन, ज्याचा नव्हता त्याला पत्र. मी नंबर फिरवायचा, काकांनी बोलायचं. "डी बोलतोय. नव्या अंकातला तक्ता वापरू नका. तुम्ही काही भरलंय का त्यातलं? नक्की?" पलीकडून हसू ऐकू आलं की आम्ही दोघं श्वास सोडत असू. एकाने तीन काडतुसं भरून ठेवली होती, रविवारी उडवणार होता. तो फोन ठेवल्यावर काका उठले, बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पत्र न लिहिणाऱ्यांचं काय करायचं, हा त्यांना लागलेला दुसरा घोर. अंक दुकानातही विकला जातो. मग आम्ही पिवळ्या कागदावर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या आणि गाडी काढली. मी ड्राइव्ह करायचं, काकांनी मांडीवर गोंदाची कांडी धरून बसायचं. अंक मिळेल ते प्रत्येक दुकान गाठायचं आणि रॅकवरच्या प्रत्येक अंकात, त्याच पानावर, चिठ्ठी चिकटवायची. बंदुकांच्या एका मोठ्या दुकानात आमच्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. कमरेला पिस्तूल लावलेली, माझ्या वयाची एक बाई होती. आम्ही दोन सावळी माणसं, तिच्या दुकानातल्या अंकांत कागद खुपसताना पकडली गेलेली.

"व्हॉट आर यू डुइंग, सर?" तिने विचारलं.

"मेकिंग अ मिस्टेक स्मॉलर, मॅडम," काका म्हणाले. चूक होईल तेवढी लहान करतोय.

तिने चिठ्ठी वाचली, खालचं नाव वाचलं. तिचे वडील काकांचे लेख कापून फाइलला लावत होते म्हणे. ती कौतुकाने बोलायला लागली, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. "त्यांनी हा अंक बघितलाय का? आत्ता फोन करा," ते म्हणाले. तिने आमच्यासमोर वडिलांना फोन लावला. वडिलांनी अंक उघडलाही नव्हता. मग तिने काउंटरवर जागा करून दिली आणि उरलेल्या अंकांत चिठ्ठ्या लावायला ती स्वतः बसली.

सगळे सापडले, वेन सोडून. नेब्रास्कातला वेन हा काकांचा सगळ्यात जुना वाचक होता. अंक आला की त्याच आठवड्यात तो तक्त्यातलं काहीतरी करून बघे आणि तिरप्या, दाबून काढलेल्या अक्षरात कळवी. त्याचा फोन बंद झाला होता. त्याच्या गावातल्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, ऑफिसला विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या की त्याची तब्येत बरी नव्हती, मुलगी येऊन घेऊन गेली. कुठे, ते माहीत नाही. तब्येतीला काय झालं होतं, तेही माहीत नाही. आम्ही रजिस्टर्ड पत्र पाठवलं. पोस्टाने ते नव्या पत्त्यावर पाठवलं, तिथे ते कुणीतरी घेतलं आणि पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं. काकांनी सहीवर भिंग धरलं. "ही वेनची सही नाही."

"मुलीनं घेतलं असेल काका. म्हातारा माणूस, झोपला असेल."

"असेल," काका म्हणाले. "पण सही करायला हात लागतो, स्मिता."

पत्राला उत्तर आलं नाही. त्यानंतरच्या दोन पत्रांनाही नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली. तिच्यात माझा उल्लेख नव्हता. 'तक्ता मी तपासला नाही. चूक माझी आहे,' एवढं लिहून खाली काकांनी आपलं पूर्ण नाव दिलं होतं, आणि त्या पानावरचं ते त्यांचं अखेरचं लिखाण ठरलं. संपादकाने गळ घातली, वाचकांनी पत्रं लिहिली, पण काका बधले नाहीत. मजकूर सांगताना ते 'चूक माझी आहे'वर आले तेव्हा मी "पण काका" एवढंच म्हणू शकले. पुढचं वाक्य मी गिळलं. वर्षभर ते गिळलेलंच होतं. रस्त्यात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला तरी मला नेब्रास्का आठवे.

मागच्या हिवाळ्यात काका हृदयाच्या दुखण्याने हॉस्पिटलात होते. एका दुपारी काकू खाली कॅफेटेरियात गेल्या आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी एका दमात सांगून टाकलं. "काका, मी तो तक्ता दोनदा वाचला नव्हता. एकदाही नव्हता वाचला."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "वही माझ्या पिशवीत होती. हॉस्पिटलात. तू वाचणार कशाशी ताडून?"

इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी खुर्ची गच्च धरली. "मग तेव्हा का नाही म्हणालात, पाठवू नको म्हणून?"

"हिला आत नेत होते." त्यांना धाप लागत होती. "कोणीतरी 'झालं' म्हणावं असं वाटत होतं. तू म्हणालीस. मी ऐकून घेतलं. खोटं आहे हे कळत असूनही ऐकून घेतलं."

मी रडायला लागले. या वेळी त्यांनी मला थांबवलं नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी सलाइन नसलेला हात पुढे केला.

"हे बघ, वेनला काही झालं असेल तर ते आपलं दोघांचं. अर्धं तुझं, अर्धं माझं. सगळं एकटीवर घेऊ नकोस, समजलं?"

त्यानंतर अकरा दिवसांनी काका गेले. वेनचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, आणि काकांचा अर्धा वाटाही आता माझ्याकडेच आला आहे.