हरणांच्या बैठका आणि माझा खराटा

“बैठक कुठाय?” इंजिनिअर फहदने विचारलं. आम्ही बाभळीखाली उभे होतो आणि पायांखाली लख्ख झाडलेली जमीन होती. खराट्याचे फराटेसुद्धा दिसत होते.

सौदीतल्या हाइलच्या डोंगरात मी वन्यजीव सर्व्हेचं काम करतो. इथल्या डोंगरी हरणाला इदमी म्हणतात, आपल्या चिंकाऱ्याचं भावंड. सकाळी चरून झालं की ते उतारावर बाभळीच्या सावलीत बसतं. पाठीशी खडक हवा, समोर दरी दिसायला हवी. बसण्याआधी खुरांनी खडे बाजूला सारतं. ती दबलेली माती, चार केस, कडेला लेंड्या, याला आम्ही बैठक म्हणतो. तीन आठवडे डोंगर तुडवून त्या उतारावर मी अकरा बैठका शोधल्या होत्या. सगळ्या माद्यांच्या, आणि व्यायचे दिवस जवळ आलेले.

फहद कुंपणाच्या कामावरचा इंजिनिअर. त्याच्या ड्रॉइंगमध्ये नवं कुंपण नेमकं त्याच उतारावरून जात होतं. बैठका वापरात आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, तरच अलाइनमेंट, म्हणजे कुंपणाची आखलेली रेषा, खाली सरकणार होती. फोटो चालणार नाहीत, असं त्याने आधीच बजावलं होतं.

आता माझी अक्कल ऐका. वडील पंचायत समितीत होते. मोठा साहेब येणार म्हणजे आधी झाडू आणि चुना, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आमच्या कँपात संगमेश्वरचे रहाटेमामा आहेत, गवंडी. आदल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, “मामा, वर जरा साफ करून घ्या. एक काडी दिसता कामा नये.” मला पायवाट म्हणायचं होतं. ते बोललो नाही, वर जाऊन पाहिलंही नाही. मामांनी अंगण झाडावं तशी प्रत्येक बाभूळ झाडून काढली. लेंड्या पोत्यात भरल्या.

“हे कोणी केलं?” फहद म्हणाला.

मामा दहा पावलांवर उभे होते. मी त्यांच्याकडे बोट केलं. “लेबरने. न विचारता.”

मामांना इंग्रजी येत नाही, पण बोट कळलं. “साहेब, माझंच चुकलं हां,” म्हणाले आणि धावत जाऊन ते पोतं घेऊन आले. मी ते पोतं तसंच फहदपुढे धरलं.

पोत्यात डोकावून फहद म्हणाला, “हे कुठूनही आणता येतं. आठ दिवस देतो. ताज्या खुणा दाखव, नाहीतर खलास.”

माणसांचा एवढा वावर झाल्यावर इदमी कशाला फिरकते? बाभळींवर लावलेल्या कॅमेऱ्यात एक कोल्हा आला, कुणाच्या शेळ्या आल्या. नवव्या दिवशी खांब रोवायला सुरुवात झाली. तेव्हा कुठे मी फहदकडे जाऊन खरं सांगितलं, की हुकूम माझा होता.

तो म्हणाला, “त्याच दिवशी हे बोलला असतास, तर मी काम थांबवलं असतं. तू गरिबावर ढकललंस. मला वाटलं, बैठका नव्हत्याच, आणि ते लपवायलाच हा सगळा खेळ.”

संध्याकाळी मेसमध्ये मामांची माफी मागितली. त्यांनी हात झटकला. “ता ऱ्हावं दे, साहेब. पण त्या माद्या आता व्यायला गेल्या कुठं?”

ते मला अजूनही माहीत नाही. सर्व्हेच्या फॉर्मवर खाली सही करणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव असतं. चूक त्याच नावावर टाकायची, आणि त्याच दिवशी.