मामाजींची मोटार आणि वाळ्याची ताटी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी उठले की आधी अंगणात जाऊन गाडीच्या चारही चाकांना अंगठा दाबून पाहत आणि मग चूळ भरत. लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा पहिल्याच सकाळी खिडकीतून हे दृश्य पाहिलं आणि घाबरले. धोतर नेसलेला, जानवं कानाला लावलेला एक माणूस चाकाजवळ उकिडवा बसून डोळे मिटून अंगठा दाबतो आहे. मी बाहेर गेले तसे ते शांतपणे म्हणाले, "हवा पाहून राहिलो, सूनबाई. माणसाची नाडी पाहते ना वैद्य, तसं." मग उठून, हात झटकून, नळाकडे गेले.

गाडी राखाडी रंगाची, चार दारांची, माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठीच असावी. मामाजी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नागपुरातल्याच सदर भागातले एक गृहस्थ गाव सोडून चालले होते, त्यांच्याकडून ती त्यांनी घेतली. घरात कुणालाही न विचारता मामाजींनी केलेली ही तोवरच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट. एरवी त्यांना निर्णय म्हणून घेताच येत नसे. पावसाळ्याआधी कौलं चाळायची की नंतर, पोहे करायचे की उपमा, इथपासून ते जो भेटेल त्याला विचारत, "तुमचं काय म्हणणं आहे?" पोस्टमनलासुद्धा विचारत. सगळ्यांचं मान डोलावून ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "पाहू. उद्या ठरवू."

सासूबाई याच्या उलट. फटकळ, झटपट, एका शब्दात निकाल लावणाऱ्या. मी आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. फक्त एक शब्द उरला. तो मात्र अगदी पहिल्यासारखा, स्वच्छ आणि ठासून येई. "चला." पाणी हवं असलं तरी चला, कूस बदलायची असली तरी चला. डोळ्यांवरून आणि डाव्या हाताच्या इशाऱ्यावरून बाकीचं आम्ही समजून घ्यायचो. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या चला म्हणाल्या की त्यात समजून घ्यायचं काही उरत नसे. मामाजी त्यांना दोन्ही हातांवर उचलत, गाडीत पुढच्या सीटवर आपल्या डाव्या बाजूला बसवत, त्यांच्या कमरेभोवती माझं एक जुनं पातळ सीटला बांधत आणि फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारून आणत. सायकलरिक्षात त्या एका बाजूला कलंडत, म्हणून ती सोय नव्हती. दिवसभर छताकडे पाहणाऱ्या त्या बाईला तेवढा तासभर रस्ता, झाडं, माणसं दिसायची. परत येताना त्यांचं अर्धं तोंड हसत असे. एवढ्यासाठी ती गाडी होती.

त्या वर्षी वैशाखात सासूबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. माहेर कुहीजवळच्या खेड्यात, धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांध्यांमधलं. आजारी पडल्यापासून त्या तिकडे गेल्या नव्हत्या. पत्रिका आली त्या दिवशी त्यांनी ती डाव्या हातात धरून ठेवली आणि मामाजी खोलीत येताच म्हणाल्या, "चला." मामाजींनी त्या वेळी कुणालाच विचारलं नाही. म्हणाले, "नेतो." भाचीसाठी अंजिरी रंगाचं लुगडं आणलं, तेही सासूबाईंनी बोट दाखवून निवडलेलं.

अडचण एकच होती. नागपूरच्या उन्हात गाडी तापायची. फुटाळ्यापर्यंत ठीक, पण कुही म्हणजे लांबचा पल्ला. मामाजी दोन दिवस विचार करत खिडकीसमोर बसले होते. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, मी तिच्यावर पाणी मारत होते आणि आत गार, सुगंधी हवा येत होती. मामाजी एकदम उठले. "सूनबाई, जी खोली थंड करते, ती गाडीले काहून नाही करणार?" मला हे इतकं पटलं, की मीच आत जाऊन जुनी ताटी आणली, कात्रीनं बेतशीर कापली आणि सुतळीनं गाडीच्या पुढच्या जाळीला घट्ट बांधली. गाठींवर गाठी मारल्या. चिंब भिजवली. शेजारच्या दोघातिघांनी येऊन पाहिलं आणि डोकं चालवलं म्हणाले. त्या दिवशी फुटाळ्याची चक्कर झक्क झाली आणि गाडीला वाळ्याचा वास येत होता.

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. दर काही मैलांवर थांबून मी ताटीवर तांब्याभर पाणी ओतत होते. पण वारा असा भाजणारा, की पाणी ओतून मी मागे येऊन बसेपर्यंत वाळा कडक व्हायचा. निम्म्या वाटेत गाडीच्या तोंडातून वाफ निघाली. मामाजींनी घाईनं झाकण उघडलं आणि जवळच्या विहिरीवरून आणलेलं बादलीभर गार पाणी तापलेल्या इंजिनावर ओतलं. खण्ण असा आवाज झाला. फार मोठा नव्हता, पितळी भांडं ओट्यावरून पडावं तेवढाच. त्यानंतर गाडी कधीच चालू झाली नाही. बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही तिघं दुपारपर्यंत बसून होतो. सासूबाई समोरच्या रस्त्याकडे पाहून थोड्या थोड्या वेळानं म्हणत होत्या, "चला." लग्नाची वेळ टळून गेल्यावर त्या गप्प झाल्या. एका ट्रकवाल्यानं दया येऊन आम्हाला ओढत नागपूरला आणलं.

युसूफ मिस्त्री म्हणजे सदरमधले मोटारी दुरुस्त करणारे जुने जाणते कारागीर. त्यांनी पुढची ताटी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, हे काय केलं? गाडीच्या नाकावर उशी ठेवली तुम्ही. ती साँस कुठून घेईल?" मग इंजिन उघडून ते बराच वेळ आत डोकावत राहिले. "इंजिनाचा ब्लॉकच तडकला. याले वेल्डिंगनं झाळून काही होत नाही. दुसरा ब्लॉक भेटला तर बसवून देतो. नाही भेटला तर विकून टाका. तिसरा रस्ता नाही." ताटी कोणी बांधली, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामाजी म्हणाले, "मीच."

मला राहवलं नाही. मिस्त्री गेल्यावर मी रडत म्हणाले, "मामाजी, गाठी मी मारल्या होत्या." ते म्हणाले, "गाठी तुह्या होत्या, डोकं माहं होतं. जा, चहा ठेव." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मला तो आजही सोडत नाही.

इथून पुढचे सहा महिने आमच्या घरात एकच प्रश्न नांदत होता. दुरुस्त करायची की विकायची. आमच्या ह्यांचं म्हणणं, विकून टाका. शेजारच्या वकिलांचं म्हणणं, दुरुस्त करा, अशी गाडी आता मिळायची नाही. पोस्टमन म्हणाला, साहेब, देवावर सोडा. मामाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ब्लॉकसाठी त्यांनी कलकत्त्याला, जबलपूरला पत्रं टाकली. उत्तरं आली ती एकाच अर्थाची होती, ही गाडी बनणं कधीच बंद झालं आहे. तरी युसूफ मिस्त्री भेटले की मामाजी विचारत, "काही पत्ता?" आणि ते मान हलवत.

गिऱ्हाइकं येत, पण मामाजींना विकता येत नसे. माणूस गाडीला हात लावतो न लावतो तोच हे सुरू होत. "ब्लॉक तडकला आहे. मागचा डावा ब्रेक धरत नाही. पहिल्या गिअरमध्ये आवाज येते. अन् पावसात इकडून पाणी येते, हे पाहा इथून." एका गिऱ्हाइकाला लक्षात न आलेला गंजही त्यांनी चटई उचलून दाखवला. तो बिचारा हात जोडून निघून गेला. मी म्हटलं, "मामाजी, एवढं सगळं सांगायची काय गरज होती?" तर म्हणाले, "मग काय लपवून देऊ? तो रस्त्यात अडकून बसला तर बायकोले काय सांगन?"

आणि रोज पाच वाजत. सासूबाईंना घड्याळ लागत नसे. खिडकीतलं ऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सरकलं की त्या म्हणत, "चला." मामाजी अंगणात निघून जात आणि उगाच चाकांना अंगठा लावत बसत. एक दिवस त्यांना वाटलं, निदान गाडीत तरी बसवावं. त्यांनी सासूबाईंना उचलून आणलं, नेहमीसारखं पुढे बसवलं, पातळ बांधलं आणि स्वतः स्टिअरिंगसमोर बसले. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "चला." मामाजींचे हात स्टिअरिंगवर होते. अंगणातल्या कडुनिंबाची पानं काचेवर पडत होती. थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "चला." मग पुन्हा. लहान मुलाची समजूत काढता येते, पण त्यांना सगळं कळत होतं, फक्त गाडी का हलत नाही हे कोणी सांगत नव्हतं. शेवटी मामाजींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी धावत जाऊन सासूबाईंना घरात आणलं. त्यानंतर मामाजींनी त्यांना कधी गाडीत बसवलं नाही, आणि पाच वाजता खिडकीवर चादर टाकून ठेवायला मला सांगितलं.

धानाची कापणी झाल्यावर सासूबाईंच्या धाकट्या भावानं कुहीकडचा एक शेतकरी पाठवला. शंकरराव त्याचं नाव. मामाजींनी त्यालाही ब्लॉकपासून सगळं सांगायला घेतलं. त्यानं शांतपणे तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले इंजिन काहून पाहिजे गा, मामा? माह्याजवळ बैल आहेत. मले तं आस अन् चाकं पाहिजे, बंडीले लावतो. रबरी चाकं असली का बैलाले तरास होत नाही." मामाजींना पहिल्यांदाच सांगायला काही उरलं नाही. चाकं मात्र उत्तम होती. सहा महिने एकही दिवस न चुकता त्यांनी ती सांभाळली होती.

शंकररावांच्या गावातला एक ट्रॅक्टर नागपूरला यायचा होता, तो साखळी बांधून गाडी ओढत नेणार होता. "पण मागं स्टिअरिंगवर माणूस पाहिजे बरं," शंकरराव म्हणाला, "नाही तं गाडी नाल्यात जाईन." मामाजी त्याच्याकडे पाहत राहिले. मग आतल्या खोलीकडे पाहिलं. मी वाट पाहत होते की आता ते विचारतील, तुमचं काय म्हणणं आहे. ते म्हणाले, "मी बसतो. हिलेही नेतो माह्यासंगं. सूनबाई, भाचीचं ते लुगडंही घे." मी हळूच विचारलं, "आणि परत यायचं कसं, मामाजी?" ते म्हणाले, "ते तिथं गेल्यावर ठरवू."

पौषातली सकाळ होती. सासूबाईंना शालीत गुंडाळून पुढे बसवलं, मी मागे लुगड्याचं पुडकं घेऊन बसले. ट्रॅक्टर सुरू झाला, साखळी ताणली. सासूबाईंनी डावा हात उचलला आणि म्हणाल्या, "चला." आणि गाडी हलली. आवाज ट्रॅक्टरचा होता, पण गाडी हलली. त्यांनी मामाजींकडे वळून पाहिलं तो चेहरा मी विसरायची नाही. वळणावर मामाजी सवयीनं खिडकीबाहेर हात काढून दाखवत होते, पुढचा ट्रॅक्टर आधीच वळला असला तरी. चढ आला की त्यांचा हात गिअरवर जाई. ती बाभूळ आली तशी त्यांनी बोट दाखवलं, "ओळखलं का?" आणि सासूबाईंचं अर्धं तोंड हसलं. संपूर्ण वाटेत त्यांनी चला हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

माहेरच्या दारात गाडी थांबली तेव्हा सगळं गाव गोळा झालं. संक्रांतीला भाची आली, तिला सासूबाईंनी डाव्या हातानं लुगडं दिलं. मी चार दिवसांनी एस.टी.नं परतले. मामाजी तिथंच राहिले, कारण परतायचं कसं ते काही ठरत नव्हतं. माघात निरोप आला की सासूबाई झोपेतच गेल्या.

तेराव्याला आम्ही गेलो. दुपारी मी आणि मामाजी ओसरीत बसलो होतो. समोरून शंकररावांची नवी बंडी चालली होती, तणसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, भरलेली, चाकं आमची. मामाजी उठून रस्त्यात गेले, बंडी थांबवली, खाली बसून डोळे मिटले आणि डाव्या चाकाला अंगठा लावला. "हवा कमी झाली हो याच्यातली. भरून घ्या," म्हणाले. शंकररावांनी हात जोडले आणि बंडी पुढे गेली. ती वळेपर्यंत मामाजी रस्त्यातच उभे होते.

संध्याकाळी आम्ही कुहीच्या एस.टी. स्टँडवर आलो. नागपूरची गाडी लागली, लोक चढायला लागले. मामाजी बाकावर बसून होते. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि सहज म्हणाले, "चला."

त्यांनी चटकन डावीकडे पाहिलं. मी उजव्या बाजूला उभी होते.